फोन मशीनला टेकवून पैसे कसे द्यायचे: टॅप अँड पे सेट करायची सगळी भानगड, पायरीपायरीने

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टॅप अँड पे म्हणजे यूपीआय नाही. दोन्ही त्याच गुगल पे ॲपातून होतं म्हणून लोकांचा घोळ होतो, पण क्यूआर स्कॅन करता तेव्हा पैसे बँक खात्यातून यूपीआयने जातात आणि फोन दुकानातल्या कार्ड मशीनला टेकवता तेव्हा पैसे कार्डावरून जातात, म्हणजे तुमचं डेबिट किंवा क्रेडिट कार्डच फोनमध्ये जाऊन बसलेलं असतं. यूपीआयमध्ये पण टॅपची सोय एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केली होती, ती वेगळी, तिच्यात आज शिरत नाही. आज फक्त कार्डवाला टॅप.

हे एवढं घोळून सांगतेय कारण घरात नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे फोन सेट करून देताना बघितलंय की माणसं तासभर फोनच्या सेटिंगमध्ये खुडबुड करत बसतात आणि अडलेलं असतं बँकेच्या ॲपात. कार्ड बँकेचं, त्यामुळे परवानगीही बँकेचीच. फोनचं काम दहा मिनिटांचं आहे.

आणि हो, इथलं सगळं अँड्रॉइडबद्दल आणि भारतातल्या बँकांच्या कार्डांबद्दल आहे. आयफोनवाल्यांनी कार्ड पाकिटातच राहू द्या.

आधी हे जवळ घेऊन बसा

- एनएफसी (अगदी जवळून मशीनशी बोलणारी फोनमधली चिप) असलेला अँड्रॉइड फोन
- फोनला स्क्रीन लॉक (पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा)
- डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, प्रत्यक्ष हातात
- बँकेत रजिस्टर असलेला मोबाईल नंबर, ते सिम चालू आणि मेसेज येत असलेलं
- बँकेचं मोबाईल ॲप, लॉगिन होत असलेलं (पासवर्ड आठवत नसेल तर तो आधी निस्तरा, नाहीतर मधेच अडकाल)
- कार्डाचा चार आकडी पिन
- सेटअप करताना बरं नेट

केवायसी, फोटो, आधारची झेरॉक्स वगैरे काही लागत नाही. कोणी मागत असेल तर तो माणूस चुकीचा आहे. पैसेही लागत नाहीत.

१. फोनमध्ये एनएफसी आहे का ते बघा

सेटिंग उघडा, वर जो सर्चचा डबा असतो त्यात एनएफसी टाइप करा. आलं तर आहे, नाही आलं तर नाही, इतकं सोपं. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्समध्ये सापडतं, बाकी बऱ्याच फोनमध्ये कनेक्टेड डिव्हायसेस नाहीतर कनेक्शन अँड शेअरिंगमध्ये.

इथला सापळा म्हणजे नेटवर फोनचं मॉडेल टाकून बघणं. परदेशात विकल्या जाणाऱ्या त्याच नावाच्या फोनमध्ये एनएफसी असतं आणि इथे विकलेल्यात नसतं, असं स्वस्त मॉडेल्समध्ये सर्रास होतं. त्यामुळे वेबसाईटवर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही, तुमच्या हातातल्या फोनचं सेटिंग काय म्हणतंय तेच खरं. आणि नसेल तर कुठलंही ॲप टाकून ते येत नाही, हा चिपचा विषय आहे. "एनएफसी एनेबलर" नावाची ॲप दिसतील, त्यांच्या नादी लागू नका.

असेल तर चालू करा आणि चालूच ठेवा. बॅटरी खाते म्हणून बंद करणारे लोक आहेत, पण खरं सांगायचं तर ती खाल्लेली जाणवतसुद्धा नाही.

२. बँकेच्या ॲपात जाऊन कार्डाचं बटण चालू करा

लोक इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर.

रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० ला एक परिपत्रक काढलं. त्याप्रमाणे नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असतं. ऑनलाइन, परदेशात आणि कॉन्टॅक्टलेस हे तिन्ही बंद. ते आपण स्वतः उघडायचे. कारण सुरक्षेचं आहे आणि चांगलंच आहे, पण कार्डासोबत आलेल्या त्या बारीक अक्षरांच्या कागदात हे कोणी वाचत नाही, आणि मग "माझं कार्ड टॅप होतच नाही, खराब आलंय" म्हणून शाखेत खेटे घालतात.

काय करायचं ते सांगते. बँकेचं ॲप उघडा, कार्ड्समध्ये जा, तुमचं कार्ड निवडा, तिथे मॅनेज कार्ड, कार्ड कंट्रोल, युसेज सेटिंग असं काहीतरी नाव असेल, प्रत्येक बँकेने आपापलं बारसं केलंय. आत डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल असे दोन भाग दिसतील. डोमेस्टिकमध्ये हे बघा:

- पीओएस किंवा मर्चंट आउटलेट, म्हणजे दुकानातलं मशीन: चालू
- कॉन्टॅक्टलेस किंवा टॅप अँड पे: चालू
- ई-कॉमर्स किंवा ऑनलाइन: कार्ड जोडताना काही बँकांना हेही चालू लागतं, काम झालं की परत बंद करा
- काही ॲपात टोकनायझेशन किंवा डिव्हाइस पेमेंट असं वेगळं बटण असतं, दिसलं तर तेही चालू

प्रत्येक बटणाखाली लिमिटचा आकडा असतो तो नक्की बघा. बटण चालू आणि लिमिट शून्य, असं नव्या कार्डावर दिसू शकतं आणि वरवर बघितलं तर सगळं बरोबर वाटतं. तिथे रोजच्या खर्चापुरता आकडा टाका. मी तर म्हणेन टॅपचं लिमिट मुद्दाम कमीच ठेवा, किराणा, मेडिकल, पेट्रोल एवढं भागलं की झालं, टीव्ही घ्यायला जाल त्या दिवशी वाढवा.

इंटरनॅशनल बंदच राहू द्या. परदेशी जाणार असाल तर विमानात बसायच्या आधी उघडा, आल्यावर बंद करा.

३. ॲप कुठलं? पे की वॉलेट?

भारतात टॅपसाठी लागतं ते गुगल पे. गुगल वॉलेट हे वेगळं ॲप मे २०२४ मध्ये भारतात आलं, पण ते इथे बोर्डिंग पास, तिकिटं, लॉयल्टी कार्डं ठेवण्यासाठी आणलं गेलं. नेटवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघितलेत तर ते सगळे वॉलेट उघडा म्हणतात, ते बघून इथे वॉलेट उघडून कार्ड टाकायचं बटण शोधत बसाल.

सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग वॉलेट हाही पर्याय आहे आणि त्यात टॅप चांगला चालतो, खालून वर बोट सरकवलं की कार्ड समोर येतं. दोन्ही टाकायची गरज नाही, एक निवडा. मात्र तुमच्या बँकेचं तुमचं कार्ड त्या ॲपात चालतं का हे आधी बघा. सगळ्या बँकांची सगळी कार्डं बसत नाहीत, आणि एकाच बँकेचं क्रेडिट बसतं पण डेबिट बसत नाही असंही होतं. सहकारी बँकांची कार्डं तर बऱ्याचदा बसतच नाहीत, तिथे डोकं आपटू नका.

४. कार्ड जोडा

गुगल पे उघडा, वर कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोवर दाबा, पेमेंट मेथड्समध्ये जा, डेबिट किंवा क्रेडिट कार्ड जोडा असं दिसेल त्यावर दाबा. कॅमेरा उघडेल, कार्ड त्याच्यासमोर धरा, नंबर आपोआप येतो. घासलेलं किंवा चकचकीत कार्ड असेल तर कॅमेरा हात टेकतो, मग हाताने टाका. एक्स्पायरी, मागचा सीव्हीव्ही, पत्ता. अटी मान्य. मग बँकेकडून ओटीपी येईल, तो टाका. झालं की कार्डाच्या पानावर टॅप अँड पे सुरू झालंय का ते बघा, नसेल तर तिथेच ॲक्टिव्हेटचं बटण असतं. व्हर्जनप्रमाणे ही नावं थोडी इकडे तिकडे होतात, घाबरू नका.

ओटीपीचा मेसेज नीट वाचा, त्यात कार्ड फोनमध्ये किंवा गुगलमध्ये जोडलं जातंय असं लिहिलेलं असतं. हे का वाचायचं ते खाली फसवणुकीच्या पायरीत येईलच.

या वेळी पडद्यामागे काय झालं ते थोडक्यात: फोनमध्ये तुमचा खरा कार्ड नंबर ठेवला जात नाही. त्या बदल्यात एक वेगळा नंबर, टोकन, तयार होतो आणि तो फक्त त्याच फोनपुरता असतो. दुकानदाराच्या मशीनला तोच दिसतो. म्हणून चार्ज स्लिपवर शेवटचे चार आकडे तुमच्या कार्डाशी जुळले नाहीत तर दचकू नका, ते टोकनचे असतात. याचा उपयोग वस्तू परत करताना होतो. कपड्याच्या दुकानात रिफंड मागितला की काउंटरवरचा मुलगा स्लिप आणि कार्ड जुळवतो आणि म्हणतो हे कार्ड ते नाही. तेव्हा कार्ड नाही, फोन पुढे करायचा, ज्या फोनने पैसे दिले तोच. टोकनचे चार आकडे ॲपात कार्डाच्या पानावर दिसतात.

५. फोनला सांगा की पैसे कुठल्या ॲपातून द्यायचे

सेटिंगमध्ये कॉन्टॅक्टलेस पेमेंट्स शोधा. तिथे डीफॉल्ट ॲप म्हणून गुगल पे निवडा. एखाद्या बँकेच्या ॲपाने परस्पर स्वतःला तिथे बसवून घेतलेलं असतं, आणि मग टॅप केला की भलतंच ॲप उघडतं.

जुन्या शाओमी, रेडमी फोनवाल्यांसाठी खास: तिथे सिक्युअर एलिमेंट पोझिशन नावाचं सेटिंग असतं, त्यात एचसीई वॉलेट निवडलेलं पाहिजे. हे एक सेटिंग चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून टॅप होणार नाही, आणि त्या नावावरून कोणाच्या बापाला कळणार नाही की याचा पैशाशी काही संबंध आहे.

दोन-तीन कार्डं जोडली असतील तर त्यातलं डीफॉल्ट कुठलं ते पण ठरवा. क्रेडिट डीफॉल्ट राहिलं आणि तुम्हाला वाटतंय खात्यातून जातायत, तर महिनाअखेरीला बिल बघून कळेल.

६. पहिला टॅप कुठे आणि कसा

पहिला टॅप गर्दीत करू नका. रविवारी संध्याकाळी सुपरमार्केटच्या लाईनमध्ये मागे दहा जण उभे असताना प्रयोग करण्यापेक्षा दुपारी ओळखीच्या मेडिकलमध्ये जा आणि एखादी पट्टी, बाम असलं काहीतरी छोटं घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुकानदार मशीनवर रक्कम टाकतो, मशीनवर "टॅप करा" असं किंवा चार कमानींचं चिन्ह येतं, आणि मगच फोन न्यायचा. आधीच टेकवून ठेवलात तर काहीच होत नाही. बऱ्याच दुकानांत अजून संवाद असा होतो:

"कार्ड द्या ना ताई."

"कार्ड फोनमध्येच आहे काका, तुम्ही फक्त अमाऊंट टाका."

"क्यूआर समोरच आहे की."

"नाही, मशीनवरच टाका, मी वरून लावते."

मग काका संशयाने मशीन पुढे सरकवतात. मशीन हातात घेऊ द्या म्हणायला लाजू नका. रकमेचा आकडा स्वतः वाचा, एक शून्य जास्त पडलेलं टॅपनंतर कळून उपयोग नाही.

फोन अनलॉक करा. गुगल पे उघडायची गरज नाही, स्क्रीन चालू आणि लॉक उघडं एवढं पुरतं. आता फोनची पाठ मशीनला लावा, आणि इथे बहुतेक जण चुकीची जागा लावतात. एनएफसीची रेंज फार तर चार सेंटीमीटर, आणि अँटेना फोनच्या मागे एका ठरावीक जागी असतो, बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याच्या आसपास वरच्या भागात, काहींमध्ये मधोमध. मशीनचाही टॅपचा भाग वेगवेगळा असतो, कुणाचा स्क्रीनवरच, कुणाचा वरच्या कडेला जिथून कागद निघतो तिथे, कुणाचा बाजूला. चिन्ह शोधा. फोन आपटायचा नाही, हलवायचा नाही, टेकवून दोन-तीन सेकंद शांत धरायचा. फोनवर बरोबरची खूण आली, मशीन वाजलं, की काढा. नुसती फोनवर खूण आली आणि मशीनवर काहीच नाही, असं झालं तर व्यवहार झाला असं धरू नका, मशीनवर अप्रूव्ह्ड आलं पाहिजे किंवा स्लिप निघाली पाहिजे.

मला या प्रकारात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या क्षणी आपल्या फोनला नेट लागत नाही. मॉलच्या तळघरातल्या दुकानात, जिथे यूपीआयचं चक्र गोल गोल फिरत राहतं, तिथे टॅप होऊन जातो, कारण नेट मशीनला हवं असतं. अधूनमधून मात्र फोन ऑनलाइन यायला हवा.

७. पाच हजारांचा नियम आणि पिनचा गोंधळ

१ जानेवारी २०२१ पासून कॉन्टॅक्टलेस कार्डाने पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत देता येतात, त्याआधी ही मर्यादा २,००० होती. त्याच्या वर गेलात की मशीन पिन मागेल.

कुठला पिन? कार्डाचा. यूपीआयचा नाही, फोनच्या लॉकचा नाही, कार्डाचाच, जो तुम्ही एटीएममध्ये दाबता. क्रेडिट कार्डाचा पिन तर अनेकांनी कधी सेटच केलेला नसतो. माणूस यूपीआय पिन दाबत राहतो, मशीन नाही म्हणत राहतं, आणि दोन-तीनदा चुकला की बँक कार्डच थोड्या वेळासाठी अडवते. तेव्हा मोठ्या खरेदीला निघायच्या आधी बँकेच्या ॲपात जाऊन पिन सेट करून घ्या.

पिन दुकानातल्या मशीनवर दाबायचा, आपल्या फोनवर नाही. आणि हाताने झाकून.

८. नाही झालं तर काय काय बघायचं

कव्हर काढून बघा. कव्हरच्या मागे मेट्रोचं कार्ड किंवा ऑफिसचं ओळखपत्र खोचायची सवय असेल तर हमखास तेच आडवं येतं, मशीनला दोन चिपा दिसतात. गाडीतल्या मॅग्नेट होल्डरसाठी चिकटवलेली ती लोखंडी पट्टीसुद्धा सिग्नल अडवते.

फोन रूट केलेला किंवा बूटलोडर अनलॉक (म्हणजे कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडलेलं) असेल तर गुगल पे टॅप करूच देणार नाही. सेकंडहँड फोन घेतलेल्यांनी हे विशेष बघा.

स्क्रीन लॉक काढून टाकलंत तर टॅपसाठी जोडलेली कार्डं जातात, परत लॉक लावून पुन्हा जोडावी लागतात. सासूबाईंच्या फोनचं लॉक "त्यांना सारखं उघडता येत नाही" म्हणून घरातलं कोणीतरी काढतं आणि मग टॅप का बंद पडला ते कोणाला कळत नाही.

दुकानाचं मशीन जुनं असू शकतं. तेच कार्ड, तोच फोन दुसऱ्या दुकानात चालला तर तुमचं काही बिघडलेलं नाही. आणि दोन वेगळ्या दुकानांत नाही झालं तर परत पायरी २ वर जा, लिमिट बघा.

मेट्रोचं गेट हे प्रकरण निराळं. तिथे फोनमधलं बँक कार्ड टेकवून उपयोग नाही, क्यूआर तिकीट नाहीतर एनसीएमसी, म्हणजे प्रवासासाठीचं वेगळं कार्ड लागतं. भाजीवाला, रिक्षा, वडापावची गाडी, तिथे क्यूआरच, वाद घालू नका.

९. ओटीपीची फसवणूक, हे नीट वाचा

"फोन खिशात असताना कोणी मशीन लावून पैसे काढले तर?" हा प्रश्न सगळे विचारतात. फोन लॉक असताना टॅपने पैसे जात नाहीत, त्या बाबतीत खिशातल्या कार्डापेक्षा फोन बरा.

खरा धोका दुसराच आहे. वर पायरी ४ मध्ये तुम्ही कार्ड कसं जोडलं? कार्ड नंबर, एक्स्पायरी, सीव्हीव्ही आणि एक ओटीपी. हे चार तुकडे ज्याच्या हातात पडतील तो तुमचं कार्ड त्याच्या फोनमध्ये जोडू शकतो, आणि मग दुकानादुकानांत फोन टेकवत फिरू शकतो, प्रत्येक वेळी नवा ओटीपी न लागता. म्हणजे एक ओटीपी गेला की एकच व्यवहार गेला असं नाही. "बँकेतून बोलतोय, रिवॉर्ड पॉइंट संपतायत", "वीजबिल थकलंय, कनेक्शन तुटेल", असल्या कॉलवर हेच चाललेलं असतं. म्हणून म्हटलं मेसेज वाचा. तुम्ही काही जोडत नसताना कार्ड जोडण्याचा ओटीपी आला तर तो कोणालाही सांगू नका आणि लगेच बँकेच्या ॲपात जाऊन कार्ड बंद करा. सेटअपला मदत करतो म्हणून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल आणि बँकेला कळवणं, दोन्ही त्याच दिवशी. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा फ्रॉड असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमच्यावर भार येत नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. म्हणून आधी कळवा, रडारड नंतर.

१०. फोन हरवला, बिघडला, विकला

हरवला तर दुसऱ्या कुठल्याही फोनवरून गुगल अकाउंट उघडून डिव्हाइस शोधण्याच्या सोयीतून तो लॉक किंवा पुसून टाका, आणि बँकेला कॉल करून त्या फोनवरचं टोकन बंद करायला सांगा. टोकन बंद म्हणजे कार्ड बंद असं नाही, पाकिटातलं कार्ड चालू ठेवता येतं. कस्टमर केअरवाला सरळ कार्डच ब्लॉक करायला निघतो, त्याला थांबवून स्पष्ट सांगा. सिम पण ब्लॉक करा, कारण ओटीपी त्यावरच येतात.

विकताना किंवा सर्व्हिस सेंटरला देताना आधी ॲपातून कार्ड काढा, मग फॅक्टरी रीसेट. दुरुस्तीला देताना ते लॉकचा पिन मागतात आणि आपण कागदावर लिहून देतो, त्या वेळी कार्ड आत असेल तर पाच हजारांपर्यंतचे टॅप करायला त्यांना दुसरं काही लागत नाही.

नव्या फोनमध्ये सगळं नव्याने जोडायचं, टोकन जुन्या फोनबरोबर जात-येत नाही. कार्डाची मुदत संपून नवीन आलं की पण पायरी २ पासून परत, कारण नव्या कार्डाचं कॉन्टॅक्टलेस पुन्हा बंदच आलेलं असेल.